फ्रेम, सागवानी, मोठी – १ नग

बादशहा मणेर या माणसाला आमच्या कार्यालयात ‘जडवस्तू’ म्हणत. हे नाव मीच पाडलं होतं आणि त्या वेळी मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं. सरकारी कचेरीत खुर्च्या, कपाटं, पंखे, पाण्याचे पिंप अशा टिकाऊ वस्तूंची एक वही असते, तिला जडवस्तू नोंदवही म्हणतात. ती वही सव्वीस वर्षं बादशहाभाईंच्या ताब्यात होती. आम्ही बाकीचे त्या वस्तूंवर बसत होतो, त्यांच्यात फायली कोंबत होतो, त्या मोडत होतो. मोजायचं काम तेवढं त्यांचं.

खात्याचं नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. गावातली कुठलीही जुनी दगडी सरकारी इमारत घ्या. जिन्याच्या कोपऱ्यात पानाचे डाग, व्हरांड्यात ताटकळलेली माणसं आणि दारात ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ असं सांगणारा शिपाई. आमची तसलीच. फक्त आमच्या सभागृहात एक चित्र होतं. पाच फूट रुंद, साडेतीन फूट उंच, तैलरंगातलं, पंचगंगेच्या घाटावरच्या सकाळचं. संस्थान विलीन झालं तेव्हा इमारतीबरोबर तेही सरकारकडे आलं. खाली कोपऱ्यात ‘ह. बा.’ अशी दोन अक्षरं आहेत. हा ह. बा. कोण, ते या गावात कुणालाही सांगता येत नाही. आणि गाव स्वतःला कलापूर म्हणवून घेतं! पांढऱ्या रश्श्यात मिरी किती असावी यावर हमरीतुमरीवर येणारी माणसं आम्ही. तुमच्याच भिंतीवर काय टांगलंय असं विचारलं, तर एकमेकांच्या तोंडाकडे बघतो.

बादशहाभाई शिपाई म्हणून लागले, खात्याची परीक्षा देऊन लिपिक झाले आणि भांडार त्यांच्या गळ्यात पडलं. भांडाराची नेमणूक ही आमच्याकडे शिक्षा समजतात. तिथं बाहेरचा माणूस येत नाही, त्यामुळे कुणी हातही जोडत नाही आणि चहाही पाजत नाही. बादशहाभाईंना मात्र ते आवडलं. त्यांचे वडील गंगावेशीत फ्रेमा करून विकायचे, त्यामुळे लाकूड, काच, कॅनव्हास यांतलं त्यांना कळत होतं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी वही पहिल्या पानापासून वाचून काढली, आणि सभागृहातल्या चित्रापाशी अडकले. एकोणीसशे बासष्ट साली कुणा कारकुनानं तिथं लिहून ठेवलं होतं : ‘फ्रेम, सागवानी, मोठी – १ नग’. बस. चित्राचा उल्लेखच नाही. त्या भल्या माणसानं भिंतीकडे पाहिलं, त्याला लाकूड दिसलं, त्यानं लाकूड लिहिलं.

नोंद दुरुस्त करावी म्हणून बादशहाभाईंनी साहेबांपुढे टिपणी ठेवली. साहेबांनी शेरा मारला, ‘पाहू’. पुढचे साहेब आले, पुन्हा टिपणी, पुन्हा ‘पाहू’. अशा अकरा टिपण्या मी स्वतः पाहिल्यात. अकरा साहेबांचं अक्षर वेगवेगळं, पण शब्द एकच. एकानं तर ‘पाहू’मधला उकारही द्यायचा आळस केला होता.

कायदा तसा सोपा आहे. अशा चित्राची मालकी लोकांची. ताबा कार्यालयप्रमुखाचा. आणि ते जाग्यावर आहे की नाही याची जबाबदारी ज्याच्याकडे वही आहे त्याची. साहेब बदलले की नवे साहेब यादीखाली सही करतात. तिथं छापील वाक्य असतं, ‘वरील सर्व वस्तू पाहून मिळाल्या’. पाहत कुणी नाही. पेनाचं टोपण काढतात आणि चहा कुठाय ते विचारतात.

बादशहाभाई पाहायला लावायचे. नव्या साहेबांना ते अदबीनं सभागृहात नेऊन चित्रापुढे उभं करायचे आणि विचारायचे, “साहेब, माणसं किती दिसत्यात?” साहेबांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. कुणी म्हणे पाच, कुणी म्हणे सहा. “सात हायती, साहेब. सवडीनं बघा,” असं म्हणून मग ते वही पुढे करायचे. आम्ही दाराआड उभं राहून हसायचो. मीही कधीतरी मोजली होती. सहा भरली. म्हाताऱ्याला सातवा भास होत असेल म्हणून मी तो विषय सोडून दिला.

दोन हजार एकोणीसला विश्वजित इंगवले साहेब आले. परफ्यूम लावून येणारा आणि फायलीवर नुसतं आद्याक्षर टाकणारा माणूस. त्यांनी चित्रातली माणसं मोजली नाहीत. चित्रापासून चार पावलं मागे सरकले, डोळे बारीक केले आणि म्हणाले, “कुणा चांगल्या माणसाच्या दिवाणखान्यात हवं हे.” चांगला माणूस कोण, हे आम्हाला महिनाभरात कळलं. साहेबांचा बंगला बांधून होत आला होता.

आधी त्यांनी सरळ मार्ग धरला. सभागृहाची रंगरंगोटी निघाली तेव्हा बादशहाभाईंना केबिनमध्ये बोलावून म्हणाले, “मणेर, चित्र तोवर माझ्याकडे पाठवा. इथं खराब होईल.”

“पाठवतो की, साहेब. लेखी आदेश द्या.”

“तोंडी सांगतोय ना मी?”

“तोंडी वस्तू ताब्यात द्याचा नियम न्हाय, साहेब. तुमच्याच सहीनं मी ती सांभाळतोय.”

मी तिथंच फाइल घेऊन उभा होतो. साहेब हसले. लेखी आदेश देण्याइतके ते खुळे नव्हते. लेखी दिलं की चित्र आपल्या घरी आहे हे सरकारला कळतं, आणि सरकारला कळलेली वस्तू परत करावी लागते.

मग त्यांनी वही मागवली. साहेबांनी अख्ख्या कारकिर्दीत मन लावून वाचलेलं हे एकच पुस्तक असावं. त्यात त्यांना बासष्ट सालची ती ओळ सापडली आणि त्यांचा चेहरा उजळला. चित्र असं काही कार्यालयाकडे नाहीच! आहे ती एक जुनी लाकडी फ्रेम. जुन्या फर्निचरचं निर्लेखन करता येतं. म्हणजे तिघांच्या समितीनं ‘निरुपयोगी’ असं लिहून सह्या करायच्या, वहीतून नाव काढायचं आणि लिलावात फुंकून टाकायचं. मोडक्या खुर्च्या, गंजलेले पिंप यांच्या यादीत चौतिसाव्या क्रमांकावर ती ओळ जाऊन बसली. अकरा वेळा ‘पाहू’ म्हणून जी चूक तशीच ठेवली होती, ती बाराव्याच्या अशी उपयोगी पडली.

समितीच्या तिघांत मी एक होतो. मला सगळं माहीत होतं. बादशहाभाई माझ्या टेबलाशी आले, त्यांनी यादी माझ्यापुढे ठेवली आणि चौतीस क्रमांकावर बोट ठेवलं. मी म्हटलं, “बादशहाभाई, यादीत फ्रेम लिहिलीय. मी फ्रेमवर सही करतोय.” माझी मुलगी दहावीला होती आणि बदलीची यादी साहेबांच्या ड्रॉवरमध्ये होती. हे कारण मी बायकोला सांगितलं, भावाला सांगितलं, इथं तुम्हालाही सांगतोय. सांगून सही पुसली जात नाही. भेकड माणसाची सही फार वळणदार असते, माझी आहे.

बादशहाभाईंनी माझं वाक्य ऐकून घेतलं. “फ्रेमवर?” एवढंच म्हणाले. “बरं झालं सांगितलासा.” आणि गेले.

लिलावाच्या आदल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, भर दुपारी, सगळे डबे उघडून बसले असताना त्यांनी दोन शिपायांना घेऊन चित्र भिंतीवरून उतरवलं आणि सभागृहातल्या लांब टेबलावर उपडं ठेवलं. खाली धुतलेली चादर अंथरली होती. वडिलांची पक्कड आणि छोटी हातोडी ते घरून घेऊन आले होते. मागचे खिळे एकेक करून काढले. आम्ही भाकरी खात बघत होतो. लिलावासाठी साफसफाई चाललीय असं आम्हाला वाटलं आणि कुणीतरी “जडवस्तूला शेवटची आंघोळ” असंही म्हणालं. कॅनव्हास त्याच्या आतल्या बारीक चौकटीसकट त्यांनी अलगद बाहेर काढला, चादरीत गुंडाळला आणि रेकॉर्ड रूमच्या कपाटामागं नेऊन उभा केला. खिळे पाकिटात घातले. पाकिटावर लिहिलं, ‘खिळे – २८ नग’. मग वही उघडून नव्या ओळीवर शाईनं नोंद केली : ‘चित्र, तैलरंग, पंचगंगा घाट, माणसे सात – १ नग. यापूर्वी नोंद नव्हती.’

दुसऱ्या दिवशी लिलाव झाला. तो कसा होतो हे सांगायला नको. जयसिंगपूरहून साहेबांचा मेहुणा राजवीर टेम्पो घेऊन आला होता, आणि चौतीस क्रमांकावर त्याच्याशिवाय कुणी तोंड उघडलं नाही. बादशहाभाईंनी दोन शिपायांकरवी सागवानी फ्रेम आणून टेम्पोत ठेवली. मधून पलीकडचं आवार दिसत होतं.

राजवीरनं फ्रेममधून हात घालून बघितला. “आवं, चित्र कुठं हाय ह्यातलं?”

“पावणं, यादी वाचा की,” बादशहाभाई म्हणाले. “लिलाव फ्रेमचा झालाय. फ्रेम दिली. हे खिळं घ्या, अठ्ठावीस हायती, मोजून घ्या.”

“मला येडं समजलासा व्हय? दाजींनी सांगितलंय चित्र हाय म्हणून!”

हे तो आवारात पन्नास माणसांसमोर ओरडला. वरच्या मजल्यावर साहेबांच्या केबिनची खिडकी उघडी होती. ती बंद झाल्याचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. मला त्या दिवशी जेवढा आनंद झाला तेवढा मुलीच्या निकालालाही झाला नव्हता. अर्थात मी तो चेहऱ्यावर दिसू दिला नाही. तेवढी अक्कल मला नोकरीनं दिली होती.

साहेबांनी बादशहाभाईंना कारणे दाखवा नोटीस काढली. त्यांनी तीन ओळींत उत्तर दिलं. वस्तू नोंदीप्रमाणे दिली आहे. समितीच्या एका सदस्यानंही फ्रेमवरच सही केल्याचं सांगितलं आहे. चित्र कुणाला द्यायचं असल्यास तसा लेखी आदेश व्हावा. त्या उत्तराचं साहेब काय करणार? सहा महिन्यांत बदली करून घेऊन ते निघून गेले. त्यांच्या दिवाणखान्यात आता धबधब्याचं पोस्टर आहे असं ऐकतो. ते त्यांना शोभतं.

इथं गोष्ट संपली असती तर मी ती लिहिली नसती. चित्र वाचलं, पण नव्या ओळीपुढे साहेबांच्या सहीची जागा रिकामी होती. पुढच्या साहेबांना वाटलं, या चित्रावरून काहीतरी भानगड झालीय, आपण हात लावायला नको. एका संग्रहालयाला पत्र लिहिलं, तर ते म्हणाले, मालकानं कळवावं. मालक कोण? आम्ही म्हणालो, चित्र भिंतीवर होतं आणि भिंत दुसऱ्या खात्याची आहे, त्यांना विचारा. ते खातं म्हणालं, भिंत आमची आहे, खिळा तुमचा आहे. या पत्रव्यवहाराची फाइल आता चित्रापेक्षा जाड झालीय. शिकलेली, पगारी, घरी देवपूजा करून येणारी माणसं ही पत्रं लिहीत होती. त्यांतली चार माझ्या हातची आहेत.

दोन हजार बावीसला बादशहाभाई निवृत्त झाले. चार्जच्या यादीतल्या सगळ्या वस्तू नव्या भांडार लिपिकानं घेतल्या, एक सोडून. कार्यालय अधीक्षक म्हणून तेव्हा मी होतो. सहीला साहेब तयार नव्हते. पण त्यांच्या वतीनं मला करता आली असती. मी म्हटलं, “बादशहाभाई, घरी न्या की चित्र. कोण विचारतंय?”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी टेबलावरचे कागद सारखे करायला लागलो. “माझं न्हाय ते, अतुलराव,” ते म्हणाले. “तुमचंबी न्हाय. ज्याचं हाय, त्यो व्हरांड्यात उभा हाय.”

तेव्हापासून दर सोमवारी, पगार नाही, हजेरी नाही, बादशहाभाई अकरा वाजता यायचे. रेकॉर्ड रूममध्ये जाऊन चादर सोडायचे, मऊ कापडानं धूळ पुसायचे, वाळवी लागलीय का बघायचे, पुन्हा गुंडाळायचे. वहीत तारीख घालून लिहायचे, ‘पाहिले. सुस्थितीत.’ नवी पोरं त्यांना हसायची. मी दिलेलं नाव त्यांनाही माहीत झालं होतं. तीन वर्षं हे चाललं, आणि या तीन वर्षांत माझ्या खोलीपासून रेकॉर्ड रूमपर्यंतची वीस पावलं मी एकदाही चाललो नाही.

यंदा आषाढात एका सोमवारी त्यांच्याऐवजी त्यांची मुलगी अरीबा आली. शाळेत शिक्षिका आहे. तिच्या हातात रेकॉर्ड रूमची किल्ली आणि ‘चित्र पाहून मिळाले’ असं लिहिलेली ताबा पावती होती. “अब्बांना काचबिंदू झालाय,” ती म्हणाली. “उजवा डोळा गेलाच, डाव्यानं उजेड तेवढा कळतो. ते म्हणतात, मला दिसत नाही तर ‘पाहिले’ असं मी कसं लिहू? तुम्ही ताबा घ्या.”

मला वाईट वाटलं. वाईट वाटणं फुकट असतं, म्हणून मी ते भरपूर वाटून घेतलं, पेन काढलं आणि पावतीवर सही करून दिली. चहा घेणार का म्हणून विचारलं. ती नको म्हणाली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती पावती घेऊन परत आली. “अब्बांनी विचारलंय, सातवा माणूस कुठं बसलाय?”

“म्हणजे?”

“तेवढंच विचारायला सांगितलंय. सांगता आलं नाही तर पावती फाडून टाक म्हणाले.”

मला राग आला. तीन साहेबांची मर्जी राखलेला अधीक्षक मी, आणि एक आंधळा झालेला भांडार लिपिक माझी परीक्षा घेतो! त्या रागातच उठलो, किल्ली घेतली आणि वीस पावलं चालून रेकॉर्ड रूममध्ये गेलो. अरीबा दाराशी थांबली. मी चादर सोडली. ज्याच्याखाली बसून मी शेकडो बैठकांत जांभया दिल्या, ते चित्र कुणी बदलून ठेवलं असतं तरी मला कळलं नसतं. घाटाच्या पायऱ्या इतक्या ओल्या रंगवल्यात हेही मला ठाऊक नव्हतं.

मोजायला लागलो. धुणं आपटणाऱ्या दोन बायका. घागर भरणारी एक. कमरेएवढ्या पाण्यात दोघे. पायऱ्या चढणारा म्हातारा. सहा. पुन्हा मोजले, सहा. खिडकीचं दार ढकललं, चित्र उजेडाकडे वळवलं आणि जमिनीवर मांडी घालून बसलो. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग डावीकडे, देवळीच्या सावलीत, जिथं मी नुसता काळा दगड धरत होतो, तिथं गुडघा दिसला. गुडघ्यावर हात. एक माणूस दगडाला टेकून बसला होता. त्याच्या मांडीवर घड्या घातलेले कपडे होते, पायाशी जोडे लावून ठेवले होते. आंघोळीला उतरलेल्यांचे. तो नदीकडे बघत नव्हता, त्या कपड्यांकडे बघत होता.

“सावलीत आहे,” मी अरीबाला म्हटलं. “सगळ्यांचं सामान सांभाळत बसलाय.” मी आयुष्यभर या माणसाला जडवस्तू म्हणालो होतो. मला माझी शरम वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

अरीबानं पावती माझ्यापुढे धरली. जुनी सही खोडून मी खाली नवी केली, तारीख घातली, आणि ‘पाहून’ या शब्दाखाली रेघ ओढली.

मला निवृत्तीला चौदा महिने आहेत. गेल्या आठवड्यात नव्या साहेब आल्या, मनाली मॅडम, हुशार, घाईत असणाऱ्या. मी त्यांना रेकॉर्ड रूममध्ये नेलं, चादर बाजूला केली आणि विचारलं, “मॅडम, माणसं किती दिसतात?” त्यांनी घड्याळ पाहिलं, चित्र पाहिलं. “सहा. सही कुठं करायची?” त्यांनी पेनाचं टोपण काढलं होतं. बाहेर व्हरांड्यात कुणीतरी हसलं आणि ‘जडवस्तू’ म्हणालं. या खेपेला ते मला होतं.

मी वही मिटून छातीशी धरली आणि म्हटलं, “सात आहेत, मॅडम. पुन्हा मोजा.”